बातमीतले रिव्हॉल्व्हर आणि पंचनाम्यातली पुंगळी

प्रश्न : तालुका वार्ताहर, कराड

मी कराडहून एका दैनिकासाठी बातम्या पाठवतो. परवा बेकायदा हत्यार पकडल्याचे प्रसिद्धीपत्रक आले. त्यात एकाच हत्याराला आरंभी ‘गावठी कट्टा’, मध्ये ‘मॅगझिनसह पिस्तूल’ आणि शेवटी ‘रिव्हॉल्व्हर व दोन जिवंत काडतुसे’ असे म्हटले होते. मी त्यातला एक शब्द उचलला, उपसंपादकांनी मथळ्यात दुसरा घातला आणि सकाळीच अपशिंग्याच्या एका निवृत्त सुभेदारांनी फोनवर माझी चांगली हजेरी घेतली. हे शब्द खरोखरच इतके वेगळे आहेत, की हा जाणकारांचा काटेकोरपणा आहे?

उत्तर १ : माजी सैनिक, सातारा

सुभेदार साहेबांचे बरोबर आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या दंडगोलाच्या घरांत, बहुधा पाच किंवा सहा, बसतात आणि बार झाल्यावर रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचे बाहेरचे आवरण, त्याच घरात राहते. पिस्तुलात मात्र मुठीतल्या मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या पेटीतून, काडतूस वर सरकते आणि प्रत्येक बारासरशी पुंगळी बाहेर फेकली जाते. त्यामुळे ‘आरोपी रिव्हॉल्व्हरमधून तीन गोळ्या झाडून पळाला आणि घटनास्थळी तीन पुंगळ्या मिळाल्या’ असे वाचले, की एक तर ते पिस्तूल असावे, नाहीतर त्या गृहस्थाने पळण्याआधी दंडगोल उघडून पुंगळ्या शांतपणे खाली ओतल्या असाव्यात. गावठी कट्टा बहुतेक वेळा एकाच बाराचा असतो, त्याला मॅगझिन नसते. पण मॅगझिन असलेली गावठी पिस्तुलेही पकडली जातात आणि पत्रकातला घोळ तिथूनच झाला असावा.

गोळी आणि काडतूस यांचीही अशीच सरमिसळ होते. पुंगळी, तिच्यातली दारू, बुडाची टोपी आणि तोंडाशी बसवलेली गोळी मिळून काडतूस होते. नळीतून सुटते ती फक्त गोळी. तरीही ‘जखमीच्या शरीरातून काडतूस काढले’ असे छापलेले मी वाचले आहे. (पलटणीत आम्ही सरसकट ‘राउंड’ म्हणत असू, त्यामुळे फार बोलत नाही.)

उत्तर २ : वकील, सातारा

मला अधिक खटकतो तो ‘स्वयंचलित’ हा शब्द. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार घोडा दाबून धरला असता तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत बार होतच राहतात, असे हत्यार प्रतिबंधित शस्त्रांत मोडते आणि त्याला कलम ७ लागू होते. साध्या पिस्तुलाचा घोडा दर बाराला नव्याने दाबावा लागतो, म्हणजे ते अर्धस्वयंचलित असते. त्याला बातमीत ‘स्वयंचलित’ म्हटले, तर न्यायालयात काही बिघडत नाही, कारण तिथे हत्यार तपासणाऱ्या तज्ज्ञाचा अहवाल पाहिला जातो. पण आरोपीवर गावात त्याहून मोठ्या गुन्ह्याचा शिक्का बसतो. आपण स्वतः मात्र पत्रक दुरुस्त करू नये. तपास अधिकाऱ्यांना विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत ‘अग्निशस्त्र’ एवढेच लिहावे.

उत्तर ३ : शेतकरी, पाटण

रानडुकरांपायी आमच्या घरी पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना आहे, म्हणून लिहितो. ‘१२ बोअर’ म्हणजे १२ मिलिमीटर नव्हे. नळीच्या व्यासाचे शिशाचे १२ गोळे मिळून एक पौंड भरतात, म्हणून तो आकडा. व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो. १६ बोअरची नळी त्याहून अरुंद असते, हे पुष्कळांना उलटे वाटते. निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा केले, तेव्हा पावतीवर आमच्या दुनळी बंदुकीची ‘रायफल’ झाली. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, आमची नळी गुळगुळीत. परत घेताना पावती परवान्याशी जुळेना आणि अर्धा दिवस कचेरीच्या बाकावर गेला.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे आभार. तपास अधिकाऱ्यांना विचारले. हत्यार गावठी बनावटीचे, पण मॅगझिनचे पिस्तूल आहे. रिव्हॉल्व्हर फक्त आमच्या मथळ्यात आणि पत्रकाच्या शेवटच्या ओळीत होते. खुलासा उद्याच्या अंकात येईल, आतल्या पानावर.