मर्सराइज्ड सुताचा गालिचा: फसवणूक की स्वस्तातली चमक?

उभाताणा: तुर्कस्तानातल्या कायसेरीचे ‘सिल्क’ म्हणून दाखवले जाणारे कित्येक गालिचे रेशमी नसतात. लव, म्हणजे वर उभे राहणारे मऊ धागे, मर्सराइज्ड सुताची असते, नाहीतर व्हिस्कोसची (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला कृत्रिम धागा). तिकडे दोन्ही ‘फ्लॉश’ नावाखाली खपतात. माझं म्हणणं, माल वाईट नाही, पाटी खोटी आहे. मर्सराइज्ड म्हणजे काय, तर सूत ताणून धरून साधारण २०-२५ टक्के कॉस्टिक सोड्यात बुडवलं की चपटा, पिळलेला तंतू फुगून गोल होतो, चकाकतो आणि रंगही जास्त पितो. ताण नसेल तर सूत नुसतंच आटतं. १८५० साली पेटंट घेणाऱ्या जॉन मर्सरच्या हाती ही चमक लागली नाही, ती यामुळेच.

गोलगाठ: पाटी सोडा, लवीत सूत घालणंच चूक. लोकर दबली तरी उठते, तिला मुळातच कुरळेपणा असतो. सूत दबलं की बसलंच. रोजच्या ये-जा करायच्या वाटेवर वर्ष-दोन वर्षांत मळकट पट्टा उमटतो, कितीही ब्रश मारा. सुताची जागा ताण्या-बाण्यात, म्हणजे खालच्या उभ्या-आडव्या धाग्यांत.

उभाताणा: सरसकट नको. मध्य आशियातल्या सारिक या तुर्कमेन जमातीचे विणकर पांढऱ्या नक्षीसाठी लवीत सूत वापरत आले आहेत, कारण लोकरीचा पांढरा पिवळट दिसतो. (ते साधं सूत, मर्सराइज्ड नव्हे, हे मान्य.) आणि भिंतीवर टांगायच्या गालिच्यावर चालणार कोण?

धुलाईघाट: आधी ओळखा तरी! झालर जाळून बघू नका. ती म्हणजे ताण्याचीच टोकं, अस्सल लोकरी गालिच्यातही बहुधा सुतीच. मागच्या बाजूने, कडेची एक गाठ सोडवून लवीचे दोन-तीन धागे घ्या. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, काळी गुठळी होते आणि ती चिमटीत चुरते. व्हिस्कोसही कागदासारखाच जळतो, म्हणून एक धागा ओला करून ओढा. व्हिस्कोस पटकन तुटतो, सूत ओलं असताना उलट जास्त चिवट.

गोलगाठ: चिवट असेल, पण धुतल्यावर लवीची टोकं तपकिरी होतात त्याचं काय?

धुलाईघाट: तो दोष पाणी जास्त आणि सुकणं सावकाश याचा. तळातला तपकिरी अंश पाण्याबरोबर वर चढतो आणि टोकांवर साचतो. सोड्याच्या कडक साबणाने आणखी वाढतो. पाणी लगेच ओढून काढा, दोन्ही बाजूंनी पंखा लावा. डाग पडलाच तर सायट्रिक आम्लाचं पातळ पाणी फिरवा, पण आधी मागच्या कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं दाबून रंग सुटतो का ते बघा. लाल आणि गडद निळा हमखास दगा देतात.