मदत हवी आहे: रोम टोटल वॉरमध्ये वेलाइट्स (रोमनांचे हलके भालाफेके) भाले न फेकताच मागे पळतात

नमस्कार मंडळी,

गेम 2004 चा, जुना रोम टोटल वॉर. सोलापुरात मे महिन्यात दुपारी बाहेर पाय टाकवत नाही, म्हणून मी आणि माझा पुतण्या (यंदा दहावीत जाईल) आठ दिवस कस्टम बॅटलमध्ये (सैन्य आणि मैदान आपण निवडतो तो प्रकार) रोम विरुद्ध कार्थेज ही झामाची लढाई मांडतोय. त्याने आधी ताटात शेंगदाणे लावून दोन्ही सैन्यं दाखवली, मग लॅपटॉप उघडला. पोरगं इतकं मन लावून बसलंय की त्याला अर्धवट सोडवत नाही.

इ.स.पू. 202 मध्ये झामाला कार्थेजचा सेनापती हॅनिबलने 80 हून जास्त हत्ती सगळ्यांत पुढे उभे केले होते. रोमन सेनापती स्किपिओने मॅनिपल (पायदळाच्या छोट्या तुकड्या) नेहमीसारखे बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक न लावता एकामागे एक सरळ लावले आणि मधल्या मोकळ्या वाटांत वेलाइट्स ठेवले. त्यांनी भाले फेकायचे आणि हत्ती अंगावर आले की निसटायचं. आम्हाला एवढंच जमवायचंय.

स्कर्मिश मोड (शत्रू जवळ आला की तुकडी आपोआप मागे सरते) चालू ठेवला की हत्ती जवळ येताच वेलाइट्स पाठ फिरवतात. बऱ्याचदा पहिला भालाही सुटत नाही. त्यात मोकळी वाट शेजारी असताना ते हस्तातींच्या (पहिल्या फळीचं पायदळ) रांगेतून घुसतात आणि ती रांग विस्कटते. खरं कोडं पुढे आहे. हस्तातींच्या मागे पोचल्यावर ते थांबतील असं वाटतं, पण समोर हस्ताती लढत असतानाही हे मागे मागेच सरकतात. काल तर नकाशाच्या कडेला जाऊन पोचले, भाते जवळपास भरलेले.

मोड बंद केला तर जागेवर उभे राहतात, भाले नीट फेकतात आणि मग हत्तींच्या पायाखाली जातात.

पॉज करून ऐन वेळी मोड चालू करून पाहिला, उशीर होतो. पुतण्या म्हणतो गेमच चुकतोय. मला वाटतं आमची मांडणी चुकतेय. ‘फेका, सरका, वळा, पुन्हा फेका’ हे कुणाला जमलंय का? कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

दादा, स्कर्मिश मोड फक्त शत्रू किती जवळ आलाय तेवढं बघतो. मध्ये आपली रांग आहे की नाही, हे तो धरतच नाही. म्हणून तुमचे वेलाइट्स मागे जाऊनही सरकत राहतात. मी तिरंदाज रांगेमागे ठेवतो तेव्हा मोड आधी बंद करतो.

आणि प्राचीन इतिहासकार पॉलिबियसने स्किपिओचा हुकूम दिलाय तो नीट बघा. ज्यांना जमेल त्यांनी वाटेने सगळ्या सैन्याच्या मागे जायचं, आणि ज्यांना हत्ती गाठतील त्यांनी दोन रांगांमधल्या जागेत डावीउजवीकडे सरायचं. सगळ्यांनी सरळ मागे पळायचं नव्हतंच. हस्ताती आणि प्रिन्सिपेस (दुसरी फळी) यांच्यात भरपूर अंतर सोडा, मोड बंद ठेवा, आणि दोन फेकी झाल्या की स्वतः हुकूम देऊन त्यांना त्या अंतरात आडवं पळवा. हत्ती वाटेत शिरला की बाजूने मारा करता येतो.

धागाकर्ता:

मनापासून धन्यवाद! दोन रांगांमधल्या जागेचं लक्षातच आलं नव्हतं. आज दुपारी तीनदा खेळलो. पहिल्यांदा हुकूम द्यायला उशीर झाला आणि दोन तुकड्या गेल्या. नंतर एका फेकीनंतरच हलवलं, तेव्हा डावीकडचे सगळे वाचले आणि बाजूने मारा बसून हत्ती बिथरून उलटे कार्थेजवाल्यांत घुसले. पुतण्या पलंगावर उभा राहून ओरडला.

उजवी बाजू अजून अडखळते. तिथे जमीन चढाची आहे, वेलाइट्स हळू पळतात. चढावर किती आधी हलवावं, कुणी सांगेल का?