मदत हवी आहे: गच्चीवर लावायला झोंबीचा कॉमेडी पिक्चर सुचवा

शनिवारी सिडकोत आमच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावतोय आणि मला कमी बजेटची झोंबी कॉमेडीच लावायचीये. मागच्या वेळी एक लावला, त्यात झोंबीच्या गालावरचं रक्त सरळसरळ टोमॅटो सॉस दिसत होतं, मी आणि भाऊ हसून लोळलो, बाकीचे चिवडा संपवून खाली निघून गेले. मला जपानचा २०१७ चा 'वन कट ऑफ द डेड' जाम आवडतो, पण सुरुवातीची ३७ मिनिटं एकच सलग शॉट, खरी मजा त्यानंतर, आणि तिथपर्यंत कोणी टिकतच नाही हो. 'झोंबिवली' सगळ्यांचा बघून झालाय. गचाळ चालेल, रटाळ नको. दीड तासाच्या आतला काही आहे का? आईपण असणारे, तेव्हा आतडी-बितडी जरा कमी.