योम किप्पुर, लेंट, रमजान: उपवासातलं साम्य नेमकं कुठे?

प्रश्न: ज्यूंचा योम किप्पुर, ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा लेंट, मुस्लिमांचा रमजान: तिन्ही धर्मांत उपवास आहे, पण नियम फारच वेगळे दिसतात. मग समान धागा कोणता? आणि रमजानच तेवढा दरवर्षी अलीकडे का सरकतो?

उत्तर १: साबुदाण्याचा उपवास डोक्यातून काढा. योम किप्पुर म्हणजे ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची १० तारीख. सूर्यास्ताआधीपासून दुसऱ्या रात्री तारे दिसेपर्यंत, सुमारे २५ तास पाणीही नाही. रोजा पहाटेच्या फजरपासून (सूर्योदयाआधीच्या नमाजेची वेळ) सूर्यास्तापर्यंत. इथेच गफलत होते: सूर्योदयापर्यंत खात बसलात तर रोजा गेला. कॅथलिकांत राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेला १८ ते ५९ वयाच्यांनी एकदाच पोटभर जेवायचं, शिवाय दोनदा थोडंसं, मांस वर्ज्य.

उत्तर २: धागा ग्रंथांत सापडतो. ज्यूंच्या धर्मग्रंथातला यशया ५८ म्हणतो, भुकेल्याला भाकर द्या, तो खरा उपवास. बायबलच्या नव्या करारातल्या मत्तय ६ मध्ये तोंड उतरवून उपवास मिरवू नका अशी ताकीद. कुराण २:१८३ तर सरळच सांगतं की आधीच्या लोकांवरही उपवास बंधनकारक होता. आजाऱ्याला तिन्हीकडे सूट. ज्यू परंपरेत जिवाला धोका असेल तर खाणं हेच कर्तव्य.

उत्तर ३: सरकण्याचं कारण साधं आहे. हिजरी (इस्लामी चांद्र) वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, त्यात अधिक महिना नाही. ज्यू पंचांग १९ वर्षांत ७ अधिक महिने घालतं, आपल्यासारखंच. ईस्टर वसंतातल्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार; लेंट त्याच्या ४६ दिवस आधी सुरू होतो, रविवार वगळले की ४०.