एला फिट्झजेराल्डने गायलेली कोल पोर्टरची गाणी: यात जॅझ कुठे ऐकायचा?

लातूरची_गाणारी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी लातूरला बँकेत नोकरी करते आणि ग्वाल्हेर पद्धतीचं गाणं शिकते. विशारद झाले आहे, तालीम अजून चालू आहे. पुण्याच्या भावाने एला फिट्झजेराल्ड या अमेरिकन जॅझ गायिकेची १९५६ सालची रेकॉर्ड ऐकायला पाठवली. कोल पोर्टर नावाच्या गीतकार-संगीतकाराची बत्तीस गाणी आहेत त्यात. सध्या रोज रात्री कामं आवरली की तेच ऐकतेय. आवाज पहिल्याच गाण्यात आवडला. वरच्या सुरांवर जाताना कुठे ओढाताण नाही, आणि प्रत्येक शब्द असा स्वच्छ येतो की माझ्यासारख्या मराठी शाळेतून शिकलेलीलाही कळतो.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. जॅझ म्हणजे उपज, आयत्या वेळी सुचलेलं गाणं, असं मी ऐकत आले. इथे तर बाई चाल जशीच्या तशी म्हणतात. ना बोलबाट, ना तान. मागे व्हायोलिनचा मोठा ताफा. आमच्या गुरुजींकडे बंदिश नीट मांडली की तिथून गायकाची खरी परीक्षा सुरू होते. मग इथे गायिकेचं स्वतःचं काय? मला हे मनापासून समजून घ्यायचंय, कारण गणपतीत आमच्या ओळखीतल्या घरी बैठक असते आणि यातली दोन गाणी तिथे म्हणावीत असं मनात आहे. साथीला हार्मोनियम आणि तबला एवढंच. कोणती गाणी घेऊ, आणि तानपुरा लावायचा की नाही?

गोदाकाठ_नांदेड

एलाला उपज येत नव्हती असं मात्र समजू नका. १९६० च्या बर्लिनच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण मिळवा. एका गाण्याचे शब्द ती मंचावर विसरली आणि तिथल्या तिथे नवे शब्द जुळवून गाणं पुढे नेलं. त्याच मैफलीत 'हाउ हाय द मून'मध्ये अर्थ नसलेल्या अक्षरांवर जे काही गायलंय ते ऐकून आपल्याकडचा तराणा आठवेल. एवढं सगळं गळ्यात असून पोर्टरच्या गाण्यांत तिने ते आवरलं. म्हणजे ठरवून आवरलं.

क्लॅरिनेट_जालना

ताई, तुमचा प्रश्न वाचून लई बरं वाटलं. आमच्या घरात तीन पिढ्यांचा बँड. आजोबा निजामाच्या काळात हैदराबादला बँडात होते, तिथे ते पाच रेघांचं नोटेशन वाचायला शिकले आणि ते घरात आलं. मी क्लॅरिनेट वाजवतो. पोर्टरची माझी ओळख एलामुळे झाली नाही, आर्टी शॉमुळे झाली. त्याने १९३८ साली 'बिगिन द बिगीन' क्लॅरिनेटवर असं काही वाजवलं की तीन वर्षं कुणी फारसं विचारत नव्हतं ते गाणं अमेरिकाभर झालं. वडिलांनी ते कागदावरून बसवलं होतं, मी त्यांच्याकडून घेतलं.

आता मुद्द्याचं. पोर्टरची गाणी मुळात नाटकांतली. 'नाइट अँड डे' १९३२ च्या नाटकातलं, 'बिगिन द बिगीन' १९३५ च्या. शब्द त्याचे, चालही त्याचीच. नाटक बंद झालं की गाणं छापील कागदावर उरायचं आणि दुकानात विकलं जायचं. ज्याला हवं त्याने आपल्या पट्टीत, आपल्या लयीत ते म्हणायचं. आपल्याकडच्या सिनेमाच्या गाण्यासारखा एकाच गळ्याचा शिक्का त्यावर नसतो. म्हणून ते ऐकताना भावगीत मनात आणू नका, तुमची बंदिशच आणा. बंदीश एकच, गाणारे पन्नास.

पण पन्नास जणांनी वाजवून-गाऊन चाल झिजते. कुणी शब्द गाळतो, कुणी सूर सोपा करतो. १९५६ पर्यंत जॅझवाल्यांनी या गाण्यांचा उपयोग बहुतेक वेळा उपजेला खुंटी म्हणून केला होता. नॉर्मन ग्रांझने त्या वर्षी व्हर्व्ह ही नवी कंपनी काढली. एलाचा तो व्यवस्थापक. त्याने ठरवलं की एका माणसाची गाणी एकत्र, नीट, पूर्ण म्हणायची. तेव्हा लाँग प्ले रेकॉर्ड येऊन आठ वर्षं झाली होती. आधीच्या ७८ च्या तव्यात एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, त्यात एका रचनाकाराचा असा संच कुठून मावणार? पोर्टरनंतर तिने रॉजर्स-हार्ट, एलिंग्टन, बर्लिन, गर्श्विन असे एकेक संच केले.

आता तिचं स्वतःचं काय, ते सांगतो. तीन जागी कान ठेवा.

पहिली जागा सुरुवातीची. या गाण्यांना मुख्य चालीआधी एक प्रस्तावनेचा भाग असतो, त्याला तिकडे व्हर्स म्हणतात. वाजवणारे तो सोडूनच द्यायचे, मी स्वतः लग्नात कधी वाजवलेला नाही. एलाने बऱ्याच गाण्यांत तो परत आणला. 'जस्ट वन ऑफ दोज थिंग्ज' ऐका. लय जवळजवळ मोकळी, बोलल्यासारखं गाणं. आणि मग चाल सुरू होते तेव्हा ठेका लागतो. विलंबित संपून द्रुत लागावं तसा फरक अंगावर येतो.

दुसरी जागा अक्षराची. ताई, तुम्ही तीनतालात मोजून बघा. त्या लोकांचा एक बार म्हणजे चार मात्रा धरा. नेहमीचं गाणं बत्तीस बारचं, म्हणजे तीनतालाची आठ आवर्तनं, दोन-दोन आवर्तनांचे चार तुकडे. 'नाइट अँड डे' अठ्ठेचाळीस बारचं, बारा आवर्तनं. 'बिगिन द बिगीन' एकशे आठ बार, सत्तावीस आवर्तनं, आणि पहिली ओळ मधे पुन्हा पुन्हा येऊन टेकू देत नाही, चाल पुढेच जात राहते. एवढ्या लांब रस्त्यावर एला समेवर आदळत नाही. शब्द मात्रेच्या केसभर मागे ठेवते, पुढच्या ओळीत तो उधार फेडते. कागदावर दोन सारखे सूर लिहिलेले असतील तर पहिला लांबवते, दुसरा आखडते. मात्रेचे तीन भाग केले तर पहिल्याला दोन, दुसऱ्याला एक. झुलतं ते त्याने. हे कागदावर नसतं. तुम्ही शोधताय तो जॅझ इथे आहे.

तिसरी जागा दुसऱ्या खेपेची. चाल दुसऱ्यांदा येते तेव्हा काय काय हललं ते बघा. एखादा सूर वर नेऊन ठेवलेला असतो, एखादं वळण बदललेलं. फार नाही. ऐकणाऱ्याला मूळ चाल आठवत राहील इतकंच.

गाणं कोणतं घ्यायचं म्हणाल तर पहिलं 'एव्हरी टाइम वुई से गुडबाय' घ्या, १९४४ चं. सुरुवात एकाच सुरावर ठिय्या देऊन होते, तुमच्यासारखा सूर लावलेल्या माणसालाच ते शोभतं. त्यात एक ओळ आहे, मेजरमधून मायनरमध्ये, म्हणजे उजळ छटेतून उदास छटेत जाण्याच्या नवलाची. आणि नेमक्या त्या शब्दांवर पोर्टरने खालचा कॉर्ड, म्हणजे चालीखाली एकत्र वाजणारे सूर, तसाच बदललाय. म-ध-सां असा होता, त्यातला धैवत कोमल झाला. शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असती तर ही गोष्ट सुचली असती का, मला शंका आहे. एला तिथे काही करत नाही. सूर सरळ ठेवते आणि खालचा धैवत आपल्याला ऐकू देते.

दौलताबाद_रोड

क्लॅरिनेटवाल्या दादांशी बरंचसं पटतं, पण एक अडचण मांडतो. पोर्टरचे शब्द फार चावट आणि दुखरे आहेत, दोन्ही एकाच ओळीत. १९३७ साली घोडा अंगावर पडून दोन्ही पाय चिरडले, त्यानंतर कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या वेदनेत हा माणूस नाटकांसाठी हसरी गाणी लिहीत होता. एलाच्या गाण्यात ते हसू स्वच्छ आहे, दुखणं मला सापडत नाही. बिली हॉलिडे या जॅझ गायिकेच्या तोंडी साधी ओळ आली तरी आत काहीतरी तुटतं. आणि त्याच १९५६ साली फ्रँक सिनात्राने नेल्सन रिडलच्या वाद्यवृंदासह पोर्टरचंच 'आय हॅव्ह गॉट यू अंडर माय स्किन' गायलं, ते ऐकताना माणूस धोक्यात आहे असं वाटतं. एलाच्या संचाचा वाद्यवृंद बसवणारा बडी ब्रेगमन तेव्हा पंचविशीतला. काही गाण्यांत त्याने ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा, इतका गलबला केलाय की मला आवाज कमी करावा लागतो.

आणखी एक, आपल्या मातीतलं. शब्द आणि चाल एकाच माणसाची असणं ही मोठी गोष्ट आहे हे तेराव्या शतकात लिहून ठेवलं ते इथेच, देवगिरीला. शार्ङ्गदेव सिंघण यादवाच्या पदरी होता. त्याच्या 'संगीतरत्नाकर' या संगीतावरच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय वाग्गेयकारापासूनच, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्यापासूनच सुरू होतो, आणि दोन्हीत पारंगत असेल त्यालाच तो उत्तम म्हणतो. मी किल्ल्याच्या पायथ्याशी राहतो. पर्यटक तोफा बघून जातात, या ग्रंथाचं कुणी नाव काढत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

क्लॅरिनेट_जालना

ब्रासबद्दल तुमचं बरोबर आहे, काही ठिकाणी जास्तच झालंय. दुखण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं. बिली हॉलिडे गाते तेव्हा गाणं तिचं होऊन जातं, पोर्टर मागे राहतो. मला ते आवडतं, डोळ्यांत पाणी येतं. पण पोर्टरने नक्की काय लिहिलं होतं हे कळायला एलाच पाहिजे. रेकॉर्ड आली तेव्हा पोर्टर हयात होता आणि तिच्या शब्दोच्चारावर तो खूश झाला असं सांगतात. लिहिणाऱ्याला आपला शब्द पोचला की नाही याचीच पहिली काळजी असणार. स्वतःचं दुःख त्यात न मिसळणं हेही मोठ्या कलावंताचंच काम आहे. रचनाकारावर इतका विश्वास टाकायला छाती लागते.

लातूरची_गाणारी

दादा, तुमच्या तीन जागा घेऊन पुन्हा ऐकायला बसले. धैवताची जागा हार्मोनियमवर धरून पाहिली. म-ध-सां दाबून ठेवलं आणि फक्त ध कोमल केला. आई स्वयंपाकघरातून विचारायला आली, हे काय वाजवलंस म्हणून.

बिली हॉलिडेही ऐकली. दौलताबादच्या दादांचं म्हणणं मनाला लागलं, पण बैठकीसाठी मी एलाच्याच वाटेने जाणार, कारण चाल अजून माझी झालेली नाही आणि इतक्यात मी तिच्यात हात घालू नये असं वाटतं. आता अडचण अशी की माझी पट्टी काळी चार. आणि तबलजी म्हणतात, हे पाश्चात्त्य गाणं, मी काय वाजवू?

क्लॅरिनेट_जालना

पट्टीची चिंता सोडा. 'एव्हरी टाइम' छापलंय काळी दोनमध्ये, पण ते छापण्यापुरतं. खालचे शब्द पुटपुटल्यासारखे न होता ऐकू आले पाहिजेत, ती तुमची पट्टी. काळी चारपासून सुरू करा आणि वर-खाली करून बघा. एकाच सुरावरची सुरुवात आहे, ती फार उंच गेली तर ओरडल्यासारखी होईल.

तानपुरा लावू नका. खालचा आधार सतत बदलतो, तुमचा षड्ज-पंचम तिथे अडून बसेल. हार्मोनियमवाल्याला सांगा, गाण्याची साथ सुरावर सूर ठेवून करायची नाही. चाल तुमच्या गळ्यात राहू द्या, त्याने फक्त कॉर्ड धरावेत आणि हळू बदलावेत. याचा नमुना हवा असेल तर एलाचीच १९५० ची गर्श्विनची रेकॉर्ड ऐका, डेका कंपनीची. एलिस लार्किन्सचा पियानो आणि तिचा आवाज, बाकी काही नाही. तुमच्या बैठकीला तेच जवळचं.

तबलजींना पहिल्या गाण्यात न वाजवता बसायला सांगा. दुसरं 'जस्ट वन ऑफ दोज थिंग्ज' घ्या. प्रस्तावना मोकळी म्हणा, मग ते येतील. बायाँ फार घुमवायचा नाही, आणि प्रत्येक मात्रेत मनात दादऱ्याचा अर्धा भाग मोजायचा, एक-दोन-तीन, वाजवायचा पहिला आणि तिसरा. दोन तालमींत हाताला बसेल. कॉर्ड लिहून हवे असतील तर सांगा, मी दोन्ही गाणी काळी चारमध्ये सरगमीत उतरवून इथेच टाकतो.