रविवारी मी आणि दोन मुली, बायको ड्युटीवर. कुठे नेऊ?

ठाण्याचा_बाबा
बायको नर्स आहे, दिवाळीपर्यंत तिला रविवारच्या शिफ्ट लागल्यात. म्हणजे घरी मी आणि दोन मुली, थोरली साडेसहा वर्षांची आणि धाकटीला नुकतीच तीन पूर्ण झाली. मॉलमधल्या गेमझोनमध्ये नेऊन झालं, पण तिथे तासाभरात खिसा रिकामा होतो आणि घरी आल्यावर दोघी जास्तच किरकिर करतात. गाडी नाहीये, लोकल, बस नाहीतर रिक्षा. राणीबाग डोक्यात आहे पण दोघींना एकट्याने झेपेल का माहीत नाही.

आणि खरं सांगायचं तर अडतंय वेगळंच. टॉयलेटचं तुम्ही काय करता? धाकटीला उचलून जेन्ट्समध्ये नेतो, तिचं चालून जातं. थोरली म्हणते "शी, तिथे काका लोक असतात", आणि तिचं बरोबरच आहे, पण तिला एकटीला लेडीजमध्ये पाठवायची हिंमत होत नाही, आणि मी धाकटीला कडेवर घेऊन दाराशी उभा राहिलो की येणाऱ्याजाणाऱ्या बायका संशयाने बघतात. आजी दोन्हीकडच्या गावाला असतात, त्यामुळे "आजीला घेऊन जा" हे नको. केस बांधण्यावरही सल्ले नकोत, पोनी जमतो, सागरवेणी पुढच्या जन्मी.

चिंचगुळ
राणीबाग डोळे झाकून करा, फक्त सकाळी साडेनऊला गेट उघडतं तेव्हा तिथे हजर असा. भायखळ्याला पूर्वेला उतरलं की चालत जाता येतं. बुधवारी बंद असते, तुम्हाला रविवार आहे त्यामुळे प्रश्न नाही. आत गेल्या गेल्या पेंग्विन उरकून घ्या, कारण अकरानंतर तिथे जी रांग लागते तिच्यात तीन वर्षांचं मूल टिकत नाही. आमच्या लेकीने तिथे पहिला प्रश्न विचारला "बर्फ कुठंय?" तर हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांच्याकडे बर्फबिर्फ नसतो, हे आधीच सांगून ठेवा नाहीतर तिथे भोकाड. नंतर पक्ष्यांचा मोठा पिंजरा आहे, माणसांना आत चालत जाता येतं असा, तिथे पोरी रमतात. वाघ दिसला तर दिसला, दुपारी तो झोपलेलाच असतो.

झाडं शंभर-दीडशे वर्षांची आहेत त्यामुळे सावली भरपूर, पण चालणंही भरपूर, स्ट्रोलर असेल तर लाज न बाळगता न्या. निघताना म्युझियमच्या आवारातला दगडी हत्ती दाखवा, तो घारापुरीचा आहे, त्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा नाव पडलं. थोरलीला आवडेल.

ओवीची आई
मी टॉयलेटबद्दलच लिहिते, कारण बाकी सगळे जागा सांगतीलच.

लहान मूल बरोबर असलेली बाई बघायची आणि सरळ विचारायचं, "ताई, हिला जरा आत नेता का?" मी आजवर कोणी नाही म्हटलेलं बघितलं नाहीये, उलट आम्हालाच बरं वाटतं की बाप विचारतोय. तुम्ही दाराबाहेर उभे राहून मोठ्याने लेकीशी बोलत राहा, "झालं का गं, हात धुतलेस का", म्हणजे तिलाही धीर येतो आणि आतल्या बायकांनाही कळतं तुम्ही कशाला उभे आहात. तिला कडी लावू नको म्हणावं, दार नुसतं लोटून घ्यायचं, कारण कडी अडकली की रडारड होते आणि तुम्हाला आत जाता येत नाही. मॉलमध्ये, मोठ्या स्टेशनांवर दिव्यांगांसाठी वेगळी खोली असते, ती रिकामी असेल तर दोघींना घेऊन तिथेच जा.

डंगरी आणि जंपसूट घालून अजिबात नेऊ नका!! फोटोत गोड दिसतात पण आत गेल्यावर सगळं खांद्यापासून उतरवावं लागतं, खालची फरशी ओली असते. इलॅस्टिकची लेगिंग आणि टॉप, पिशवीत दोन जास्तीच्या चड्ड्या, बास. आणि कृपा करून सुसू लागेल म्हणून पाणी कमी देऊ नका, आपल्याकडे मुलींच्या बाबतीत हे सर्रास चालतं, मला फार राग येतो त्याचा.

सदाफुले
एवढं कशाला. आमच्या लहानपणी वडील कुठे फिरवायचे, गच्चीवर खेळायचो, तिथेच मोठे झालो. घरी बसा.

ओवीची आई
@सदाफुले काका, त्यांनी कुठे नेऊ विचारलंय, नेऊ का नाही विचारलं.

घोडबंदरी
ठाण्यात राहून भायखळ्याला कशाला? ओवळ्याला ओवळेकर वाडीचं फुलपाखरू उद्यान आहे, ते उघडतंच फक्त रविवारी, तेही सकाळी. आणि पाऊस ओसरल्यावरचे हे दिवस फुलपाखरांचे. पिकून मऊ झालेली फळं ठेवतात, त्यावर ती येऊन बसतात आणि सोंड आत घालून रस ओढत असतात, तेव्हा पोरींना अगदी जवळून बघता येतात. आमची थोरली वाकून वाकून सोंड शोधत होती, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते ना ती. काळं मोठं, पंखांवर निळे ठिपके असलेलं दिसलं तर ते ब्लू मॉर्मन, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. निघायच्या आधी एकदा फोन करून खात्री करा. पकडायचं नाही हे घरूनच बजावून ठेवा. चिखल असेल, सॅन्डल नको.

थंडी पडली की ऐरोलीची फ्लेमिंगो बोट पण आहे, खाडीत, पण बोटीच्या वेळा भरतीवर ठरतात आणि आधी बुकिंग करावं लागतं.

दोन_लेकींचा_बाप
मीही तुमच्याच नावेत, कल्याणहून. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक शनिवारीच बघून ठेवा, सकाळी लवकर निघालात तर जाताना त्रास नाही, येताना मात्र गाड्या उशिरा आणि खच्चून भरलेल्या, तेव्हा धाकटी झोपलेली असते आणि तिचं वजन दुप्पट होतं. पाच वर्षांच्या आत तिकीट नाही, थोरलीचं अर्धं काढा. लेडीज डब्यात तुम्हाला चढता येणार नाही, त्यामुळे शक्य असेल तर फर्स्टचं काढा, महाग पडतं पण दोघींना घेऊन उभं राहण्यापेक्षा परवडलं.

दोघींच्या मनगटावर पेनने तुमचा नंबर लिहा. आणि थोरलीला सांगून ठेवा, हरवलीस तर जिथे आहेस तिथेच उभी राहायचं, फारच भीती वाटली तर लहान बाळ घेतलेल्या मावशीकडे जायचं. "पोलीसकाकांकडे जा" असं आपण शिकवतो पण गर्दीत मुलांना युनिफॉर्म ओळखता येत नाही, कुठलाही वॉचमन त्यांना पोलीसच वाटतो.

एका दिवसात एकच ठिकाण. राणीबाग आणि नंतर चौपाटी असलं काही करू नका.

ठाण्याचा_बाबा
सगळ्यांचे आभार, विशेषतः ओवीची आई, डंगरी कपाटात मागे ढकलली. या रविवारी फुलपाखरं, राणीबाग त्याच्या पुढच्या आठवड्यात. थोरलीला विचारलं तर ती म्हणाली फुलपाखरं चालतील पण वडापाव पण पाहिजे. @घोडबंदरी, तिथे बसने जाता येईल ना, की रिक्षाच करू?

घोडबंदरी
घोडबंदर रोडला टीएमटी आहेत, ओवळ्याला उतरा, तिथून आत थोडं चालायचं आहे. जाताना बस करा, येताना सरळ रिक्षा. वडापाव मेन रोडवर आल्यावरच घ्या, आधी घेतलात तर तेलकट हातांनी सगळी झाडं चाचपतील.