अनुभव धागा : अ‍ॅरिझोना रॅटलर्स, छताखालचा फुटबॉल आणि आपण

मंडळी, अमेरिकन फुटबॉल म्हटले की आपल्याला एनएफएल आणि सुपर बोल एवढेच आठवते. हाच खेळ छताखाली, आइस हॉकीच्या रिंकएवढ्या जागेत, पन्नास यार्डांच्या मैदानावर आणि अकराऐवजी आठ-आठ खेळाडूंनी खेळला जातो. फिनिक्सचा अ‍ॅरिझोना रॅटलर्स हा संघ तो १९९२ पासून व्यावसायिक पातळीवर खेळत आला आहे. मधल्या काळात त्याची मूळ लीग, म्हणजे अरीना फुटबॉल लीग, एकदा बुडाली आणि पुन्हा उभी राहिली. पुढे संघानेच तिला रामराम ठोकला आणि ती लीग २०१९ नंतर पुन्हा बंद पडली, तरी संघ मात्र टिकून आहे. ज्यांनी या संघाला प्रेक्षकांत बसून पाहिले, त्यांनी आपापल्या काळाविषयी लिहावे, अशी विनंती केली होती. आलेले प्रतिसाद काळाच्या क्रमाने लावले आहेत. वर लिहिणाऱ्याचे गाव दिले आहे; टेंपी, चँडलर आणि पिओरिया ही फिनिक्सचीच उपनगरे.

टेंपी, नव्वदचे दशक

मी विद्यार्थी म्हणून आलो, तेव्हा फिनिक्सच्या उन्हाळ्यात संध्याकाळी सात वाजताही पारा शंभर अंश फॅरनहाइटच्या खाली उतरत नसे, त्यामुळे वातानुकूलित सभागृहात तीन तास बसायला मिळणे हेच आम्हा मित्रांचे पहिले आकर्षण होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. अमेरिका वेस्ट अरीना तेव्हा नवे कोरे होते. फिनिक्स सन्सचे बास्केटबॉल सामने तिथेच होत आणि त्यांची तिकिटे आमच्या खिशाला परवडत नसत, रॅटलर्सची परवडत.

खेळाची गोडी लागली ती जाळ्यांमुळे. गोलखांब अवघे नऊ फूट रुंद आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस फूट रुंदीची ताणलेली जाळी असे. खांबांबाहेर गेलेला चेंडू त्या जाळीवर आदळून कॅरमच्या रिबाउंडसारखा मैदानात परत येई आणि तो जिवंतच मानला जाई. हंकी कूपर हा खेळाडू जाळीखाली तोंड वर करून, गुडघ्यात किंचित वाकून उभा राही, चेंडू छातीशी घेई आणि वळतानाच धावायला लागे. त्या काळच्या नियमांनुसार बहुतेक खेळाडूंना आक्रमण आणि बचाव दोन्ही करावे लागत. मोठ्या मैदानावरच्या फुटबॉलमध्ये जे काम तीन माणसांत वाटले जाते, ते कूपर एकटा करी आणि वर ताजातवाना दिसे. १९९३ मध्ये तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, याचे आम्हाला मुळीच नवल वाटले नाही.

प्रशिक्षक डॅनी व्हाइट हे एनएफएलमधल्या डॅलस काउबॉइजचे माजी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाली चालवणारे खेळाडू. पुढे कित्येक वर्षे संघाचा क्वार्टरबॅक राहिलेला शेर्ड्रिक बॉनर त्यांच्याच हाताखाली घडला. १९९४ मध्ये ऑर्लँडोला त्यांच्याच घरी जाऊन ३६-३१ असे हरवून रॅटलर्सने आपला पहिला अरीना बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. माझ्या मते त्या संघाची सर कोणत्याच संघाला नाही. वयाचा दोष म्हणा हवे तर.

डे मॉइन, आयोवा

मी विरुद्ध बाजूचा प्रेक्षक. १९९७ चा अंतिम सामना फिनिक्सच्या अमेरिका वेस्ट अरीनात झाला आणि रॅटलर्सने आम्हाला ५५-३३ असे धुतले. आयोवा बार्नस्टॉर्मर्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर होता. तोच वॉर्नर जानेवारी २००० मध्ये सुपर बोल जिंकून सामन्याचा मानकरी ठरला आणि पुढे अ‍ॅरिझोना कार्डिनल्सकडून खेळून फिनिक्सकरांचाही लाडका झाला. त्याला आधी आम्ही पाहिले, एवढे समाधान पुरेसे आहे.

चँडलर, २००४ ते २०१४

आमच्या घरात हा नाद माझा, यजमान क्रिकेटवाले. २००२, २००३ आणि २००४ अशी सलग तीन वर्षे संघ अंतिम फेरीत पोहोचून हरला. त्यांतला तिसरा पराभव घरच्या मैदानावर, सॅन होजेकडून ६९-६२ असा झाला. एवढे गुण वाचून कुणाला बास्केटबॉलची आठवण होईल, पण मैदान इतके आखूड असते की दर दोन-चार मिनिटांनी टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचणे, होतो आणि ज्याच्या हाती शेवटी चेंडू असतो, तोच बहुधा जिंकतो.

२००८ च्या डिसेंबरात पुढचा हंगामच रद्द झाल्याची बातमी आली. मंदीचे दिवस होते, आजूबाजूला नोकऱ्या जात होत्या, त्यामुळे फुटबॉलसाठी हळहळणे जरा चैनीचेच वाटले. लीगने दिवाळे काढले आणि २०१० मध्ये नव्या मालकीखाली ती परत आली. रॅटलर्सही केव्हिन गाय यांच्या मार्गदर्शनाखाली परतले. २०११ चा अंतिम सामना फिनिक्समध्येच होता. घड्याळातली वेळ संपली असताना, अगदी शेवटच्या चालीवर जॅक्सनव्हिलने टचडाउन केला आणि ७३-७० असा सामना नेला. आमच्या रांगेतले लोक उठायलाच तयार होईनात.

त्यानंतरच्या तीन वर्षांनी मात्र सगळे उट्टे काढले. क्वार्टरबॅक निक डॅव्हिलाच्या संघाने २०१२ आणि २०१३ मध्ये फिलाडेल्फिया सोलला आणि २०१४ मध्ये क्लीव्हलँडला त्यांच्याच गावी ७२-३२ असे नमवले.

मैदानाच्या कडेला दोरी नसते, गादी लावलेली कमरेएवढी भिंत असते आणि तिला लागूनच पहिली रांग असते. एकदा एक खेळाडू झेल घेऊन तोल जाऊन थेट भिंतीवर आदळला, तेव्हा त्याच्या हेल्मेटवरचे ओरखडे आणि मनगटावरच्या पट्टीवर शाईने लिहिलेल्या चाली आम्हाला वाचता आल्या. प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यावा लागत नाही. आमच्या लेकाच्या हाती तो कधी लागला नाही, पण सामन्यानंतर मैदानात उतरून खेळाडूंच्या सह्या घेण्यात त्याने कसर ठेवली नाही.

पिओरिया

२०१६ चा अंतिम सामना शहराच्या पश्चिमेला ग्लेंडेलमध्ये झाला आणि फिलाडेल्फियाने ५६-४२ अशी परतफेड केली. मग संघाने इनडोअर फुटबॉल लीगमध्ये बिऱ्हाड हलवले. तिथे जाळी नाही. वरच्या टेंपीकरांनी वर्णिलेली मजा त्यामुळे गेली, हे मला अजून खटकते. पण खर्चाच्या आणि प्रवासाच्या हिशेबाने ही लीग तग धरून आहे, हेही तितकेच खरे. पहिल्याच वर्षी, सलग सहा विजेतेपदे मिळवलेल्या सू फॉल्स स्टॉर्मला ५०-४१ असे हरवून रॅटलर्सने आपण पाहुणे म्हणून आलेलो नाही हे दाखवून दिले.

लास व्हेगस

२०२१ चा अंतिम सामना मॅसॅच्युसेट्स पायरेट्सने जादा वेळेत ३७-३४ असा हिसकावला होता. २०२४ मध्ये तेच दोन संघ आमच्या शेजारच्या हेंडरसनमध्ये समोरासमोर आले आणि रॅटलर्स ५३-१६ असे जिंकले, म्हणजे अर्ध्यातच निकाल लागला. संघाचे घरचे सामने आता ग्लेंडेलला होतात. कोणी प्रथमच जाणार असाल, तर गोलखांबांमागची तिकिटे घेऊ नका. बाजूच्या, चौथ्या-पाचव्या रांगेतून चाली नीट उलगडतात आणि नाचोचा ट्रेही शाबूत राहतो.